एचई वॉशिंग मशीनमध्ये अति फेस, कुबट वास आणि पांढुरके डाग पुन्हापुन्हा का येतात, आणि डिटर्जंट कसा निवडावा

एचई (हाय एफिशियन्सी, म्हणजे कमी पाण्यात धुणारे) प्रकारचे नवे मशीन घेतल्यावर सुरुवातीला कपडे उत्तम निघतात. मग हळूहळू टॉवेलला कुबट वास येऊ लागतो, काळ्या कपड्यांवर पांढुरक्या रेघा दिसू लागतात, ठरलेला प्रोग्रॅम दाखवलेल्या वेळेपेक्षा बराच लांबतो आणि शेवटच्या खळबळीनंतरही दाराच्या काचेवर फेसाची कड तशीच राहते. डिटर्जंट बदलला की थोडे दिवस बरे वाटते, आणि नंतर सगळे जसेच्या तसे परत येते. या तक्रारी इतक्या ठरावीक क्रमाने येतात की त्यांचे मूळही बहुतेक वेळा एकच निघते: मशीन जेवढे पाणी घेते त्या मानाने डिटर्जंटचा प्रकार चुकलेला असतो किंवा त्याचे प्रमाण जास्त झालेले असते, आणि आधीच्या धुण्यांमधून न निघालेला अंश मशीनमध्ये व कपड्यांमध्ये साचून राहिलेला असतो. नुसता ब्रँड बदलून हा त्रास जात नाही, कारण नवा डिटर्जंट त्याच जुन्या थरात जाऊन मिसळतो. आधी साचलेले काढावे, मग डिटर्जंट निवडावा आणि त्यानंतर तो मोजून घालावा. हा क्रम उलटा केला तर निवड बरोबर असूनही ती चुकली असे वाटत राहते.

पाणी कमी असल्याने काय बदलते

मध्यभागी घुसळणारा दांडा असलेल्या जुन्या टॉप लोड मशीनला, धुणे आणि खळबळणे मिळून, एका फेरीला साधारण १५० लिटर पाणी लागत असे. एचई मशीन, मग ते फ्रंट लोड असो किंवा दांड्याऐवजी तळाशी फिरती थाळी असलेले टॉप लोड असो, बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम उरकते. जुन्या मशीनमध्ये कपडे पाण्यात तरंगत असत. फ्रंट लोडमध्ये ते जेमतेम भिजलेले असतात. ड्रम त्यांना वर उचलतो आणि ते खाली आपटतात, आणि मळ सुटण्यातला मोठा वाटा या आपटण्याचाच असतो.

आता याच ड्रममध्ये भरपूर फेस झाला तर काय होते ते पाहावे. फेसाची जाड गादी कपडे आणि ड्रम यांच्या मध्ये येते, कपडे आपटण्याऐवजी तिच्यावर अलगद पडतात आणि धुण्याचा जोर कमी होतो. म्हणजे फेस जास्त असताना कपडे अधिक नव्हे, उलट कमी स्वच्छ होतात. पुढचा परिणाम पाण्याची पातळी मोजणाऱ्या व्यवस्थेवर होतो. टबच्या तळाकडून एक बारीक नळी सेन्सरकडे जाते आणि तिच्यातल्या हवेच्या दाबावरून मशीनला पाणी किती आहे ते कळते. त्या नळीच्या तोंडाशी फेस असला की हे मोजमाप बिघडते. निचरा करणाऱ्या पंपात पाण्याऐवजी फेस शिरला तर पंप फिरत राहतो पण पाणी बाहेर पडत नाही. पिळण्याच्या वेळी ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या मध्ये फेस अडकून ड्रमला वेग घेऊ देत नाही. अनेक मशीन हे ओळखून थांबतात, फेस बसण्याची वाट पाहतात, जादा खळबळ घालतात किंवा पडद्यावर फेसाची सूचना दाखवतात. लांबलेल्या प्रोग्रॅमचे कारण अनेकदा हेच असते, आणि अशा वेळी मशीन बिघडले असे समजून कारागीर बोलावण्याआधी डिटर्जंटकडे पाहणे शहाणपणाचे ठरते.

फेसाविषयीचा आपला समज हाताने कपडे धुण्यातून आलेला आहे. बादलीत फेस दिसला की साबण पुरेसा आहे असे कळते, म्हणून हाताने धुण्याच्या पावडरी मुद्दाम भरपूर फेस देणाऱ्या बनवल्या जातात. मळ काढण्याचे काम मात्र पाण्यात विरघळलेले पृष्ठसक्रिय घटक करतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, आणि तेलकट मळ कापडापासून सुटून पाण्यात तरंगत राहतो. फेस हा या घटकांबरोबर येणारा केवळ एक परिणाम आहे. चांगल्या एचई डिटर्जंटमध्ये धुण्याची ताकद पूर्ण ठेवून फेस दाबणारे घटक, बहुधा सिलिकोन किंवा थोडा साबण, घातलेले असतात. त्यामुळे काचेतून फेस जवळजवळ दिसत नाही म्हणून आणखी अर्धे झाकण ओतणे, ही या सगळ्या त्रासाची सर्वांत सामान्य सुरुवात असते.

आधी तपासणी: फेस कुठून येतो आहे

ही तपासणी मनापासून करावी अशी माझी आग्रहाची शिफारस आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे उपाय अंदाजाने होतात. प्रथम मशीन रिकामे ठेवून, डिटर्जंट न घालता, ४० अंशांचा प्रोग्रॅम लावावा. दहा-पंधरा मिनिटांनी खोलीतला दिवा मालवून काचेवर टॉर्चचा प्रकाश तिरका पाडावा. पाण्यावर चार बुडबुडे उठून लगेच फुटत असतील तर काळजीचे कारण नाही. काचेला चिकटून राहणारा फेसाचा पट्टा दिसत असेल तर मशीनच्या आत, म्हणजे टबच्या बाहेरच्या भिंतीवर, नळ्यांत आणि डिटर्जंटच्या खणात, जुना अंश साचलेला आहे.

मशीन रिकामे असताना फेस येत नसेल तर तीच फेरी आपण स्वच्छ समजतो अशा तीन-चार टॉवेलांसह पुन्हा लावावी, अर्थात डिटर्जंट आणि सॉफ्टनर दोन्ही न घालता. बहुतेक घरांत याच वेळी खरा उलगडा होतो: ज्या टॉवेलांना आपण धुतलेले म्हणतो त्यांतूनच फेस निघू लागतो आणि पाणी करड्या रंगाचे दिसते. तो गेल्या अनेक धुण्यांचा न निघालेला डिटर्जंट असतो, आणि त्याने धरून ठेवलेला मळही त्याच्याबरोबर सुटत असतो.

कपड्यांवरच्या पांढुरक्या डागांचीही अशीच परीक्षा करता येते. वाळलेल्या काळ्या कपड्यावरचा डाग कोरड्या बोटाने झटकावा. बारीक भुकटी उडाली आणि कापड स्वच्छ झाले तर ती बहुधा पावडरमधल्या न विरघळणाऱ्या घटकांची असते. अनेक पावडरींत पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, धरून ठेवण्यासाठी झिओलाइट नावाची खनिज भुकटी असते आणि ते पाण्यात विरघळतच नाही, नीट खळबळ झाली तरच निघून जाते. डाग झटकून जात नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून चोळावा. बुळबुळीत लागला आणि विरघळला तर तो डिटर्जंट आहे. पाण्याने काहीच होत नाही, पण पांढऱ्या व्हिनेगरच्या थेंबाने निघतो, तर ते पाण्यातल्या क्षारांचे काम आहे. चोळल्यावर तंतूंच्या गुठळ्या होत असतील तर डिटर्जंटचा दोष नाही. टॉवेलचे सुत काळ्या कपड्यांना लागले आहे आणि ते वेगळे धुतले की प्रश्न सुटतो.

साचलेले काढणे

डिटर्जंटचा खण पूर्ण बाहेर ओढून काढावा, गरम पाण्यात भिजवावा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावा. सॉफ्टनरच्या कप्प्यावरचे छोटे टोपण निघते, आणि त्याच्या खाली बहुधा चिकट, काळपट लगदा सापडतो. खण जिथे बसतो त्या पोकळीचे छतही पुसावे, कारण पाण्याचे फवारे तिथूनच येतात आणि पाणी तिथेच लोंबकळत राहते. दाराच्या रबरी कडेच्या घड्या बोटांनी उघडून आतून पुसाव्यात. खालच्या बाजूच्या झडपेमागचा फिल्टर मशीन बंद करून आणि आतले पाणी गार झाल्यावरच, खाली पसरट भांडे ठेवून हळूहळू उघडावा. नुकत्याच झालेल्या गरम धुण्यानंतर तो उघडला तर हात भाजू शकतो.

यानंतर रिकाम्या मशीनवर सर्वांत गरम आणि लांब प्रोग्रॅम, शक्य असल्यास ९० अंशांचा आणि नसल्यास ६० अंशांचा, ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर घालून चालवावा किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेला ड्रम क्लीनर वापरावा. फेस फार साचलेला असेल तर एकदा करून भागत नाही. रिकाम्या मशीनची वरची तपासणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करावे. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. क्लोरीनचे ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल एकत्र घालू नये, एकाच फेरीत वेगवेगळ्या कप्प्यांतही घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हा थर केवळ दिसायला वाईट म्हणून काढायचा असे नाही. डिटर्जंटचा अंश, त्वचेचे तेल आणि कपड्यांचे तंतू यांचा हा लगदा ओलसर राहतो आणि जंतूंना त्यात घर मिळते. धुतलेल्या कपड्यांच्या त्या ओळखीच्या कुबट वासामागे मोराक्झेला ओस्लोएन्सिस हा जंतू मुख्यत्वे असतो, असे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. कापड वाळले तरी तो टिकून राहतो आणि कापड पुन्हा ओले झाले की वास परत येतो. कपाटात अजिबात वास नसलेला टॉवेल अंग पुसताच का वास मारतो, याचे उत्तर इथे आहे. शिवाय अनेक फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रमला मागून धरणारा तीन फाट्यांचा आधार अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि त्यावर सतत ओला, अल्कधर्मी थर राहिला तर तो धातू हळूहळू खाल्ला जातो.

टॉवेल आणि चादरींमधला अंश काढण्यासाठी त्यांना सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, डिटर्जंट न घालता, फेस यायचा थांबेपर्यंत धुवावे. पाणी वाया जाते असे वाटेल, पण नंतरची प्रत्येक जादा खळबळ वाचते.

वेष्टनावर काय पाहावे

पहिली अट एकच: डिटर्जंट कमी फेसाचा असावा. काही देशांत वेष्टनावर एचई असे चिन्ह छापलेले असते, तर काही ठिकाणी फ्रंट लोड किंवा ऑटोमॅटिक मशीनसाठी असे लिहिलेले असते. ज्या देशांत घरोघरी फ्रंट लोडच वापरले जाते तिथे मशीनसाठीचा प्रत्येक डिटर्जंट कमी फेसाचाच असल्याने वेगळे चिन्ह दिसत नाही. हाताने आणि मशीनने, दोन्हीसाठी चालेल असे ज्यावर लिहिलेले असते ते एचई मशीनसाठी मी टाळतो. साधा डिटर्जंट निम्मा घालून फेस आटोक्यात येतो असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात फेसाबरोबर मळ काढणारे, जडपणा धरणारे आणि सुटलेला मळ परत कापडावर बसू न देणारे घटकही निम्मे होतात. घरी किसलेला साबण आणि धुण्याचा सोडा यांचे मिश्रण तर या मशीनमध्ये घालूच नये. साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो आणि तो साका कमी पाण्याच्या मशीनमधून बाहेर पडत नाही.

दुसरी अट कपड्यांवर अवलंबून आहे. पावडर, लिक्विड आणि कॅप्सूल हे एकाच वस्तूचे तीन आकार आहेत असे समजले जाते, पण त्यांच्यातले घटकच वेगळे असतात. चांगल्या पावडरीत सहसा सोडियम परकार्बोनेटसारखे ऑक्सिजन ब्लीच असते आणि ते कमी तापमानालाही चालावे म्हणून टीएईडी नावाचा घटक जोडलेला असतो. कपडे धुण्याच्या लिक्विडमध्ये साधारणपणे ब्लीच नसते, कारण द्रवरूपात ते एन्झाइमांसोबत (डाग तोडणाऱ्या प्रथिनांसोबत) टिकून राहत नाही. म्हणून पांढरे कपडे, टॉवेल, चादरी, घामाचे कपडे आणि विशेषतः वासाची तक्रार असलेले धुणे यांसाठी ब्लीचयुक्त पावडर आणि ४० ते ६० अंश तापमान हीच माझी पहिली निवड असते. जी घरे केवळ लिक्विड वापरतात आणि नेहमी थंड पाण्यात धुतात त्यांना वासाचा त्रास वारंवार होतो, यात मला आश्चर्य वाटत नाही: त्या मशीनला ना उष्णता मिळते ना ब्लीच.

लिक्विडची जागा मात्र आहे आणि ती पक्की आहे. थंड पाण्यात आणि छोट्या प्रोग्रॅममध्ये ते लगेच मिसळते, तेलकट डागांवर चांगले चालते आणि गडद रंगाच्या कपड्यांवर पांढरी भुकटी सोडत नाही. गडद व रंगीत कपड्यांसाठी ज्यात ब्लीच आणि शुभ्रता वाढवणारे चमकदार घटक नाहीत असे रंगीत कपड्यांचे डिटर्जंट घ्यावे. हे चमकदार घटक मळ काढत नाहीत. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश परत टाकतात, त्यामुळे पांढरे कापड अधिक पांढरे भासते आणि फिके रंग मात्र बदललेले दिसतात.

कॅप्सूलमध्ये मोजण्याची कटकट नाही, आणि तीच तिची अडचणही आहे. लोड अर्धा असला तरी कॅप्सूल अर्धी करता येत नाही. पूर्ण भरलेल्या आणि बऱ्यापैकी मळलेल्या लोडसाठी ती ठीक आहे. मृदू (कमी क्षारांचे) पाणी आणि चार कपडे असतील तर एक कॅप्सूलही जास्त होते. ती खणात न ठेवता रिकाम्या ड्रमच्या तळाशी, कपड्यांच्या आधी, कोरड्या हाताने ठेवावी. कपड्यांच्या वर टाकली किंवा थंड पाण्याचा पंधरा-वीस मिनिटांचा प्रोग्रॅम लावला तर तिचे आवरण नीट विरघळत नाही आणि कपड्यावर चिकट पापुद्रा राहतो. घरात लहान मुले असतील तर हा डबा कुलूपबंद उंच जागीच असावा.

एन्झाइमांविषयी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे: प्रोटिएज रक्त, घाम आणि अन्नातली प्रथिने तोडते, अमायलेज पिष्टमय डाग आणि लायपेज तेलकट डाग. लोकर आणि रेशीम ही स्वतः प्रथिनेच असल्याने प्रोटिएज त्यांनाही इजा करते. त्या कपड्यांसाठी वेगळे, सौम्य डिटर्जंट ठेवावे. बाकी सर्व कपड्यांसाठी एन्झाइम असलेलेच घ्यावे, कारण कमी तापमानाला मळ काढण्याचे बरेचसे काम त्यांच्यावरच असते.

पाण्याचा जडपणा, म्हणजे निम्मे उत्तर

डिटर्जंटची निवड बरोबर असूनही त्रास राहतो तेव्हा बहुधा पाण्याचा विचार झालेला नसतो. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डिटर्जंटच्या पृष्ठसक्रिय घटकांना अडवून धरतात, आणि तेवढा भाग मळ काढण्यासाठी उरत नाही. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मोजतात. एका लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्याहून जास्त असेल तर अतिजड, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेच्या अहवालात हा आकडा बहुधा असतो. नसेल तर तपासणीच्या पट्टीने दोन मिनिटांत कळतो. पट्टीही नसेल तर पारदर्शक बाटलीत नळाचे पाणी घेऊन त्यात खऱ्या साबणाचा बारीक कीस टाकावा आणि जोरात हलवावे. चटकन टिकाऊ फेस आला आणि खालचे पाणी स्वच्छ राहिले तर पाणी मृदू आहे. फेस न येता पाणी दुधट झाले आणि वर साका जमला तर ते जड आहे. ही परीक्षा डिटर्जंटने होत नाही, साबणानेच होते.

हे इतके महत्त्वाचे असण्यामागे आणखी एक कारण आहे. पूर्वी डिटर्जंटमध्ये फॉस्फेट भरपूर असे आणि ते जडपणा उत्तम सांभाळत असे. पण सांडपाण्यातून ते नद्या-तलावांत जाऊन शेवाळाची बेसुमार वाढ होते, म्हणून अनेक देशांनी त्यावर बंधने आणली. युरोपीय संघात घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये एका प्रमाणित मात्रेमागे ०.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त फॉस्फरस ३० जून २०१३ पासून चालत नाही. त्याची जागा झिओलाइट, सोडा आणि सायट्रेट यांनी घेतली. ते काम करतात, पण मात्रा पाण्याशी जुळली तरच. मृदू पाण्यात वेष्टनावरची मधली मात्रासुद्धा जास्त होते आणि फेस, बुळबुळीतपणा, लांबलेली खळबळ सुरू होते. जड पाण्यात तीच मात्रा कमी पडते, कपडे करडे आणि खरखरीत होतात आणि मशीनच्या हीटरवर क्षार बसतात. दोन घरांत तोच डिटर्जंट आणि तेच मशीन असूनही एक समाधानी व दुसरा हैराण असतो, त्याचे कारण अनेकदा नळातून येणारे पाणी एवढेच असते. घरात पाणी मृदू करणारे उपकरण बसवलेले असेल तर मात्रा मृदू पाण्याचीच धरावी.

मात्रा

झाकण हे माप आहे, पण ते पूर्ण भरण्यासाठी दिलेले नाही. आतल्या रेघा बहुधा झाकणाच्याच रंगाच्या आणि उजेडात धरल्याशिवाय न दिसणाऱ्या असतात. एकदा शाईने ठळक करून ठेवाव्यात. आजचे बहुतेक डिटर्जंट घट्ट केलेले असतात, त्यामुळे दिसायला थोडेसे वाटणारे लिक्विडही पुरेसे असते. वेष्टनावरचा तक्ता पाण्याचा जडपणा आणि मळ या दोन्हींवरून वाचावा, आणि तो किती किलो कपड्यांसाठी आहे हेही पाहावे. युरोपीय नियमांत रोजच्या धुण्याच्या डिटर्जंटची मात्रा ४.५ किलो आणि नाजूक कपड्यांच्या डिटर्जंटची २.५ किलो कोरड्या कपड्यांवरून सांगतात. आपला लोड त्याहून बराच कमी असेल तर मात्राही कमी करावी.

मशीनवर ८ किलो लिहिलेले असते ते बहुधा सुती कपड्यांच्या लांब प्रोग्रॅमपुरते. सिंथेटिक किंवा झटपट प्रोग्रॅमसाठी त्याच मशीनची क्षमता निम्मी किंवा आणखी कमी असते. सुती कपडे भरल्यावर ड्रमच्या वरच्या बाजूला उभा हात सहज जाईल एवढी जागा उरावी. ड्रम ठासून भरला तर कपडे आपटायला जागाच मिळत नाही, खळबळ नीट होत नाही आणि योग्य मात्राही कपड्यांत अडकून राहते.

लिक्विड मुख्य धुण्याच्या कप्प्यात घालताना त्यासाठीची आडवी झडप किंवा घालायची वाटी असेल तर ती बसवावी, आणि पावडर वापरताना ती काढावी किंवा वर करावी. हे राहून गेले तर प्री-वॉश निवडलेल्या वेळी लिक्विड मुख्य धुणे सुरू होण्याआधीच ओघळून निघून जाते, आणि पावडर झडपेमागे गोळा होऊन घट्ट बसते. स्वयंचलित मात्रा घालणारे मशीन असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पाण्याचा जडपणा आणि वापरत असलेल्या लिक्विडची एका फेरीची मात्रा आपणच भरायची असते. कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवला तर ते मशीन इमानदारीने दर वेळी चुकीची मात्रा घालत राहते.

मात्रा कमी करण्याच्या भरात ती फार कमी केली जाते, हेही तितकेच खरे आणि त्याची चर्चा कमी होते. एक चमचा पुरतो हा सल्ला सर्वांना लागू नाही. मात्रा अपुरी असली की त्वचेचे तेल पूर्ण निघत नाही, सुटलेला मळ कापडावर परत बसतो, पांढरे कपडे हळूहळू मळकट होतात आणि शेवटी वास तसाच येतो. योग्य मात्रेची खूण अशी: धुणे चालू असताना काचेवर अगदी पातळ फेस किंवा नुसते ओघळ दिसावेत, आणि शेवटच्या खळबळीत पाणी स्वच्छ असावे. फेस काचेच्या अर्ध्यावर येत असेल तर पुढच्या वेळी थोडी मात्रा कमी करावी. कपड्यांची कॉलर आणि बाह्यांची टोके मळकट राहत असतील तर थोडी वाढवावी. एका वेळी एकच बदल करावा. डिटर्जंट, मात्रा आणि तापमान एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

सॉफ्टनरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: वासाची तक्रार असेपर्यंत तो पूर्ण बंद ठेवावा. त्यातले घटक कापडावर मुद्दाम थर देणारेच असतात. टॉवेलची पाणी शोषण्याची शक्ती त्याने घटते, व्यायामाच्या सिंथेटिक कपड्यांत घामाचे तेल अडकून राहते आणि खणातला तो काळा लगदाही बराचसा त्याचाच असतो. सुगंधाने कुबट वास झाकला जातो आणि मूळ दुखणे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

तरीही त्रास राहिला तर

मशीन रिकामे असताना फेस येत नाही, मात्रा पाण्याशी जुळलेली आहे, महिन्यातून एकदा ६० किंवा ९० अंशांची रिकामी फेरीही होते, आणि तरीही वास येतो, तर डिटर्जंट सोडून इतरत्र पाहावे. धुणे संपल्यावर कपडे तासन्‌तास ड्रममध्ये राहतात का, दार आणि खण धुण्यानंतर उघडे राहतात का, आणि कपडे वाळायला पूर्ण दिवस लागतो का, हे तपासावे. निचऱ्याची पाइप भिंतीतल्या नळीत फार खोल खुपसलेली असेल किंवा गटाराच्या बाजूने वास वर येत असेल तर ड्रम कितीही स्वच्छ केला तरी वास राहतो; मशीन दोन दिवस बंद असताना वास अधिक जाणवतो, ही त्याची ओळख.

फेस अजिबात नसताना पाणी ड्रममध्ये उरते, पिळण्याचा वेग येत नाही किंवा पाणी तापतच नाही, तर तो पंपाचा, सेन्सरचा किंवा हीटरचा दोष असू शकतो, आणि तिथे कारागिरालाच बोलावावे. ४० अंशांच्या फेरीत वीस-पंचवीस मिनिटांनी दाराच्या काचेला हात लावून पाहावा. काच कोमटही लागत नसेल तर ते त्याला आधीच सांगावे, कारण न तापणाऱ्या पाण्यात कोणतीही पावडर आपले काम करू शकत नाही.